ग्रीनलँडहून आलेला भाऊ

१२ एप्रिल १९८८

बोदिलताई,

तुझं पत्र पोचलं. चारच ओळी होत्या, पण जानेवारीत इथे आल्यापासूनचं तुझं पहिलं पत्र, म्हणून पुन्हापुन्हा वाचलं. ‘ये, पण नीट ये,’ असं तू लिहिलंयस. नीटच येईन.

रजा मंजूर झाली. आईच्या पंचाहत्तरीच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, निघायचं आणि रविवारी रात्रीच्या हजेरीला परत हजर व्हायचं. रजेवरचा पत्ता म्हणून आईचा दिलाय. रजेचं काम बघणाऱ्या इथल्या बाईसाहेब विचारत होत्या, “घरच्यांना चालेल ना?” मी “हो” म्हणालो. विचारून घ्यायला हवं होतं का?

तुझ्या सगळ्या अटी मान्य. फोबोर्गात कुणाला काही कळता कामा नये. मी ग्रीनलँडला, नूकमध्ये सुतारकाम करतो, कंपनीने घरी यायला तिकीट दिलंय, इतकंच बोलायचं. इथल्या वाचनालयातून ग्रीनलँडवरचं एक पुस्तक आणलंय, रोज थोडं वाचतो. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर फर्निचर विकत फिरायची वेळ आली नसती, आणि त्या दिवशी तो रस्ताही वाटेत आला नसता. जाऊ दे. त्यावर लिहिणार नाही असं ठरवलंय.

आता बेत सांगतो. शुक्रवारी ओडेन्सहून बस पकडेन आणि चौकात न उतरता अलीकडे, गॅसच्या कारखान्यापाशी उतरेन. एगोनभाऊजींनी गाडी घेऊन यायची गरज नाही, बंदरावरून चालत येईन. शनिवारी दुपारी जेवण. रविवारी सकाळी, वारा नसेल तर, आईला धक्क्यापर्यंत फिरवून आणू, आइसक्रीम खाऊ घालू. मला एवढं पुरे आहे.

आईसाठीचा कागद वेगळा जोडलाय. तिला वाचून दाखव. त्यात भरपूर बर्फ आहे.

तुझा,
प्रेबेन


२६ एप्रिल

ताई,

तू लिहिलंस की आईला बोटीने ल्यू बेटावर जायचंय, तिथे तिचं माहेर होतं, आणि मुलगा आलाय तर त्यानेच न्यावं. मी विचारून पाहिलं. दिलेला पत्ता सोडून बाहेर मुक्काम नको, असं इथले अधिकारी म्हणाले. आणि परतीची बोट चुकली तर मीच फरारी ठरायचो. तेव्हा जमणार नाही. आईला सांग, मला बोट लागते. हो, कळतंय, ग्रीनलँडहून आलेल्या माणसाला बोट लागते हे सांगताना तुझं तोंड कसं होईल ते. दुसरं काही सुचलं तर कळव.

जेवणात खारवलेल्या हेरिंगबरोबर सगळे पेले उंचावतील तेव्हा मी काय करायचं? मला एक थेंबही चालत नाही. परत आल्यावर फाटकात दारू तपासायच्या नळीत फुंकर मारायला लावतात. तसंही मी आता पीत नाही, पण हे तुला सांगायला मला तोंड नाही. दातदुखीच्या गोळ्या चालू आहेत असं सांगू का? एगोनभाऊजी चेष्टा करतील. करू देत.

एका गोष्टीची काळजी वाटते. कार्लाकाकू येणार असतील ना? भिंतीला भिंत लागून घर, त्यांना बोलावलं नाही तर गाव विचारेल, हे मला कळतं. पण त्यांचा मुलगा एबे खरंच ग्रीनलँडला आहे. रागावू नकोस, पण मला कुठे पाठवायचं ते ठरवताना ते नाव तुला त्यांच्यावरूनच सुचलं असणार. उत्तर आफ्रिका म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.

तू लिहिलंयस, “ग्रीनलँड केवढं मोठं आहे! भेटलो नाही म्हणायचं आणि विषय बदलायचा.” ठीक आहे. भेटलो नाही म्हणेन. आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

आईसाठी इथल्या कारखान्यात एक लाकडी तबक केलंय. तळाशी इथला शिक्का होता, तो घासून काढला.

प्रेबेन


११ मे

ताई,

सुखरूप पोचलो. हजेरीला वेळेत होतो.

दोन दिवस फार छान गेले, तुझे आभार. अंगणातला झेंडा, तुझा तो थरांचा केक, गाणं म्हणताना एगोनभाऊजींचा घसरलेला सूर. आई सगळ्यांना माझे हात दाखवत होती, “बघा, सुताराचे हात झालेत!” खरंच झालेत, तेवढं तरी खोटं नव्हतं. रात्री तिने माझ्या पलंगावर जाड रजई टाकली आणि मग म्हणाली, “अरे, तुला तर इथे उकडत असेल!” आणि पुन्हा काढून नेली.

तू स्वयंपाकघरात माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, तेही मी समजू शकतो. आणि मी पेला पालथा घातला तेव्हा भाऊजी “काय रे, तिकडे धर्मगुरू झालास की काय!” म्हणाले आणि सगळे हसले, तेव्हा तू मध्ये पडून बटाट्यांचं भांडं फिरवलंस. ते माझ्या लक्षात राहील.

कार्लाकाकूंनी एबेसाठी काही सामान दिलंय. मी घेतलं. नाही कसं म्हणणार? बघतो काय करायचं ते.

प्रेबेन


३ जून

ताई,

तुझं पत्र काल आलं. वाचल्यापासून जेवण जात नाही.

तू विचारतेस, “कार्लाकाकू गावभर सांगत फिरतायत की प्रेबेन एबेला भेटतो. तू त्यांना नेमकं काय सांगितलंस?”

सांगतो. मागच्या पत्रातच सांगायला हवं होतं.

जेवणानंतर मी कपबशा धुवायला घेतल्या. तुम्हा सगळ्यांच्या नजरेसमोरून जरा बाजूला व्हायचं होतं. कार्लाकाकू पुसायला आल्या. मग एकच बशी पुसत पुसत म्हणाल्या, “तुला विचारू की नको, असं सकाळपासून चाललंय माझं. बोदिल म्हणते तिकडे गावं लांबलांब असतात. पण तू नूकलाच आहेस ना? माझा एबेही शेवटी नूकलाच होता.”

मी म्हणणार होतो, भेटलो नाही. शब्द अगदी जिभेवर होते. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बशीकडे बघत होत्या. माझं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असल्यासारख्या. चार वर्षांत त्याची एक ओळ नाही, फोन केला तर घरमालक म्हणतो खोली सोडून गेला. आणि माझ्या तोंडून गेलं, “हो, भेटतो की कधीमधी.”

त्यांनी बशी खाली ठेवली.

“कसा आहे?”

“बरा आहे. जाड झालाय.”

“जाड? एबे? अरे, त्याच्या बरगड्या मोजता यायच्या!” आणि त्या हसायला लागल्या, ताई. एवढ्या मोठ्याने की तू बाहेरून हाक मारलीस, काय झालं म्हणून. आठवतंय?

तिथेच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी विचारलं, “मग लिहीत का नाही रे?” आणि मी म्हणालो, “लाज वाटते म्हणाला. इतका उशीर झाला, आता आईला काय लिहू, म्हणाला.”

त्यांनी माझ्या गालावर ओला हात ठेवला. “त्याला सांग, लाजायचं नाही म्हणावं.” मग घरी जाऊन त्या पिशवी घेऊन आल्या. लोकरीचे मोजे, बोरांचा मुरांबा आणि त्याच सकाळी भाजलेला काळा पाव.

इथे परत येताना फाटकात झडती झाली. शिपायाने विचारलं, “हे कुणाचं?” मी म्हणालो, मित्राचं. तो म्हणाला, “मित्राची आई चांगली दिसते.” पाव मी खोलीतच ठेवला. खाणं शक्य नव्हतं आणि टाकणंही. आता त्याला बुरशी आलीये, वास येतो. शेजारचा कैदी रोज विचारतो, काय मेलंय तुझ्याकडे?

मी एबेला जुन्या पत्त्यावर पत्र टाकलंय. इथल्या धर्मगुरूंकरवी नूकच्या चर्चलाही विचारलंय. म्हणजे माझं खोटं खरं करता येतंय का ते बघतोय. किती नीच प्रकार आहे हे लिहिताना कळतं.

माझ्यावर चीड. पण उत्तर दे.

प्रेबेन


२४ जून

ताई,

एबेला टाकलेलं पत्र परत आलं. चर्चकडून उत्तर आलं की त्यांना असा कुणी माहीत नाही.

आणि त्याच दिवशी तुझं पत्र. कार्लाकाकू नूकला जायला निघाल्यात! विमानाची चौकशी केली, नवा कोट शिवून घेतला, मांजर आईकडे ठेवायचं ठरलं. “प्रेबेन विमानतळावर घ्यायला येईलच,” असं त्या आईला म्हणाल्या, आणि आई म्हणाली, “येईल म्हणजे काय, यायलाच पाहिजे!”

मी हे वाचून हसलो, ताई. खरंच हसलो, आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

तू म्हणतेस गप्प बस. म्हणतेस, “त्यांना जाऊ दे. प्रेबेनची दुसऱ्या गावी बदली झाली, असं मी सांगते. मुलगा सापडला तर सापडला, नाहीतर येतील परत. पण तू तोंड उघडलंस तर आई मरेल, आणि माझ्या दुकानात लोकर घ्यायला कोण येईल?”

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. कोर्टाच्या बातमीत माझं नाव नव्हतं, तेव्हा तू सुटकेचा निःश्वास टाकलास, मीही टाकला. गावात तोंड दाखवायचं तुला आहे, मला नाही. मी इथे कुंपणाआड आहे, इथे सगळेच माझ्यासारखे, कुणापुढे लाजायचं? सगळी लाज मी तुझ्याकडे ठेवायला देऊन आलो. ग्रीनलँड तू माझ्यासाठी उभं केलंस, मी त्याबद्दल तुला कधी बोल लावणार नाही.

पण ती म्हातारी बाई त्या विमानतळावर नव्या कोटात उभी राहील. तिला वाटेल मी येतोय. तिला वाटेल तिचा मुलगा जाड झालाय आणि नुसता लाजतोय. हे मला जमणार नाही, ताई.

पुन्हा रजा मागितलीये. जुलैतला दुसरा शनिवार-रविवार. बेत असा: शुक्रवारी संध्याकाळी आधी कार्लाकाकूंकडे, मग आईकडे. तुझ्या घरी येणार नाही. तू त्या दोन दिवसांत भाऊजींबरोबर कुठे जाऊन येणार असशील तर जा, मी समजेन.

मला थांबवायला इथे फोन करू नकोस.

प्रेबेन


१२ जुलै

ताई,

तू गेली नाहीस, पण आलीही नाहीस. तुझ्या दुकानावरून गेलो तेव्हा पडद्यामागे उभी होतीस. मी बघितलं नाही असं दाखवलं.

कार्लाकाकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, “अरे! तू तर तिकडे असायला हवास, मी येतेय ना!” आत बॅग अर्धी भरलेली. नवा कोट दारामागे टांगलेला, निळा. मला बसवलं, कॉफी ओतली. मी म्हणालो, “काकू, कॉफी नको. आधी ऐका.”

उभ्यानेच सांगितलं. मी ग्रीनलँडला कधी पाऊल ठेवलेलं नाही. मी तुरुंगात आहे. दारू पिऊन गाडी चालवली आणि सायकलवरची एक बाई मेली. एबेला मी भेटलो नाही, तो कुठे आहे मला माहीत नाही, मी ते सगळं आईच्या स्वयंपाकघरात तुमच्यासमोर उभं राहून रचलं.

त्या रडतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्या बसल्या. टेबलावरचा कापडाचा तुकडा सरळ करत राहिल्या.

“म्हणजे त्याला कुणीच पाहिलेलं नाही,” म्हणाल्या.

“नाही.”

“तो जाड झालाय म्हणालास. ते मला फार आवडलं होतं.”

मी दारामागच्या निळ्या कोटाकडे बघत उभा राहिलो.

मग त्यांनी विचारलं, “आणि ते लाज वाटते म्हणालास, ते कुणाचं?”

“माझं, काकू.”

“वाटलंच. एबे असं बोलणारा नव्हे.” मग मान वर करून म्हणाल्या, “दोन महिने, प्रेबेन. रोज रात्री मी त्याच्याशी बोलत होते. तू काय खाल्लंस, म्हणून विचारत होते. आता रात्री कुणाशी बोलू?”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ती ठेव तुझ्याकडे. मला आत्ता नको.” पिशवी परत द्यायला नेली होती, पाव सोडून बाकीचं. त्यांनी हात लावला नाही, बोटाने कोपरा दाखवला. मी निघालो तेव्हा मागून म्हणाल्या, “मी तरीही जाणार. कुणीच पाहिलं नसेल तर मग कुणीतरी जाऊन बघायलाच हवं. आणि पुन्हा या दारात येऊ नकोस.”

मी बाहेर पडलो. आपल्या आईचं दार दहा पावलांवर, पण मी उलट वळून बंदरावर गेलो. धक्क्यावर माणसं आइसक्रीम खात होती, सुट्टीचे दिवस, जर्मनांच्या बोटी लागलेल्या. मी त्यांच्यात बसून राहिलो.

मग आईकडे गेलो. ते आज लिहवत नाही. ती बरी आहे. तू समजत होतीस तसं काही झालं नाही.

प्रेबेन


१८ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र नाही. दोनदा लिहिलं, तेही बहुतेक तू उघडलं नसशील. हेही असंच टाकतोय.

आई आता स्वतःच लिहिते. मोठमोठी अक्षरं, एका पानावर पाच-सहा वाक्यं. तिने कळवलं की गावात सगळं कळल्यावर तुझ्या दुकानात पहिले काही आठवडे गिऱ्हाईक कमी होतं आणि आता नेहमीसारखं आहे. आणि डॉक्टरांच्या बायकोने दुकानात ऐकवलं, “काय गं, ग्रीनलँडची लोकर आली का?” तेव्हा तू तिच्या हातातला लोकरीचा गुंडा काढून घेऊन तिला दार दाखवलंस म्हणे. हे वाचून मला किती शरम वाटली ते सांगता येत नाही. तो टोमणा माझा होता, तो तू झेललास.

कार्लाकाकू परत आल्या. एबे सापडला. नूकमध्ये नव्हताच, आणखी उत्तरेकडे एका मासळीच्या कारखान्यात आहे. आईला त्या म्हणाल्या, आधी त्याने दार लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी उघडलं. त्यांनी त्याच्या खोलीत आठवडाभर स्वयंपाक केला. फारसं बोलणं झालं नाही. यायला तो तयार नाही, पण लिहीन म्हणालाय. माझं नाव त्या घेत नाहीत. कुणी काढलं तर उठून जातात. मी केलेल्या गोष्टीतून शेवटी काही चांगलं निघालं, असं आई सुचवायला बघते. मी तिला तसं म्हणू देत नाही. त्या विमानात काकू एकट्या बसल्या होत्या आणि पलीकडे मुलगा जिवंत आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

आता त्या संध्याकाळचं लिहितो. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि आई तुला स्वतःहून सांगायची नाही.

मी गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मला बघून आनंदाने उठायला गेली. मी म्हणालो, बस आई. तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसून सगळं सांगितलं, कार्लाकाकूंना सांगितलं तसंच. जरा हळू आवाजात, एवढंच.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हिवाळाभर मी रोज देवाला सांगत होते, त्याला थंडीपासून सांभाळ म्हणून.”

“हो आई.”

“भलतंच मागत होते.”

तू म्हणायचीस, आई मरेल. मलाही तेच वाटत होतं. म्हणजे आपल्या दोघांनाही वाटत होतं की तिला माझ्याबद्दल ऐकून धक्का बसेल. पण तिने माझ्याबद्दल काही विचारलंच नाही. किती दिवसांची शिक्षा, खायला काय देतात, काही नाही. तिने विचारलं, “त्या बाईचं नाव काय होतं?”

ताई, गेल्या वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वकील ‘मृत व्यक्ती’ म्हणायचा, मी ‘तो अपघात’ म्हणायचो.

“योन्ना,” मी म्हणालो. “योन्ना होल्म.”

“कुठे चालली होती?”

“घरी. सायकलला बटाट्यांची पिशवी होती. तिच्या मळ्यातले, नवे. सगळ्या रस्त्यावर पसरले होते.”

“मुलं आहेत तिला?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? कोर्टात तिच्याकडचं कुणी आलं नव्हतं?”

“आले होते. पहिल्या बाकावर होते. दोघं-तिघं असावेत.”

“असावेत?”

“मी वर पाहिलं नाही, आई. दोन्ही दिवस खाली मान घालून बसलो होतो. त्यांचे फक्त बूट पाहिले.”

तेव्हा ती रडली. आवाज न करता, तिला सवय आहे तशी. मी जागचा हललो नाही, जवळ जायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही. बाहेर उजेड होता, जुलैत असतो तसा, संपतच नव्हता. बाजूच्या घरात कार्लाकाकूंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

डोळे पुसून ती म्हणाली, “आत्तासुद्धा खालीच बघतोयस. वर बघ.”

मला जमेना. ती उठून माझ्यापर्यंत आली नाही, हात पुढे केला नाही. फक्त वाट बघत बसली.

शेवटी बघितलं, ताई.

प्रेबेन